कॅन्टीनचा बॉयलर, ब्रूइंग सिस्टिमच्या भावात

बिअर बनवायची ‘ऑल-इन-वन’ इलेक्ट्रिक सिस्टिम स्वस्तात देतो असं सांगून एकाने मला साडेअडतीस हजारांची टोपी घातली. तो अजूनही पुण्यात माल विकतोय, म्हणून हे लिहितोय. त्याचं नाव देत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, आणि नाव तो असंही सोयीप्रमाणे बदलत असतो.

मी शहरातल्या एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात, ब्रुअरच्या हाताखाली काम करतो. २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि पुण्याला ताज्या बिअरची चटक लागली. आमच्यासारख्यांचं पोट त्या चटकेवर चालतं. आमची केटल, म्हणजे बिअर उकळायचं भांडं, ५०० लिटरची. ज्वारी घालून एक बिअर करून बघावी असं बरेच दिवस डोक्यात होतं, पण जमेल की नाही याचा भरवसा नसलेल्या रेसिपीवर ५०० लिटर कोण लावणार? मालक म्हणाले, “कर की, पण माझ्या पैशानं नको.” म्हणून ट्रायलसाठी वीस-तीस लिटरचं यंत्र स्वतःच्या खिशातून घ्यायचं ठरवलं.

ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्टीलचं उंच पातेलं, बुडाशी हीटिंग एलिमेंट, आत जाळीच्या बुडाचा दुसरा डबा. त्या डब्यात भरडलेला माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) घालून तो ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचा. तेवढा वेळ पंप खालचं पाणी वर आणून माल्टवर सोडत राहतो. मग डबा उचलून निथळायचा आणि खाली राहिलेला गोड रस, म्हणजे वॉर्ट, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं घालून तासभर खळखळून उकळायचा. न्यूझीलंडचं ग्रेनफादर, ऑस्ट्रेलियाचं ब्रूझिला, अमेरिकेचं ॲन्व्हिल फाउंड्री, जर्मनीचं ब्राउमाइस्टर ही यातली मोठी नावं. बाहेरून मागवायचं तर किमतीवर भाडं आणि कस्टम ड्यूटी चढते. अमेरिकेतून येणाऱ्या मावसभावाला आणायला सांगावं, तर तिथली बरीच यंत्रं ११०-१२० व्होल्टची. ती आपल्या २३० व्होल्टवर लावली की एलिमेंट साडेतीन पटींहून जास्त वॅट ओढतो आणि काही क्षणांत राम म्हणतो. परवडणारं आणि आपल्याकडे चालणारं, असं दोन्ही हवं असलेला माणूस मग स्थानिक जाहिराती चाळायला लागतो.

जाहिरात अशी होती: ३० लिटर, २५०० वॅट, फूड ग्रेड ३०४ स्टील, डिजिटल कंट्रोलर, पंपासह, पुण्यात घरपोच. फोनवर माणूस अगदी साखर. “सर, ब्रँडवाल्यांच्याच फॅक्टरीतला माल आहे, फक्त नाव छापलेलं नाही.” गोडाऊन पिरंगुटला आहे म्हणाला. बघायला येतो म्हटलं की प्रत्येक वेळी काहीतरी निघायचं. पोरगा गावाला गेलाय, चावी त्याच्याकडे आहे. आज माल उतरतोय, उभं राहायला जागा नाही. त्याऐवजी व्हिडिओ कॉलवर त्याने यंत्र चालवून दाखवलं. पाणी खदखदत होतं, आणि पातेल्याला लोहचुंबक लावला तर तो चिकटत नव्हता. “बघा सर, थ्री-झीरो-फोर!” निम्मे पैसे आधी, निम्मे कुरियरवाल्याकडून खोकं घेताना. यूपीआयवर नाव मात्र एका बाईंचं. “मिसेसचं अकाउंट आहे सर.” खोकं उघडायला मिळालं ते उरलेले पैसे दिल्यानंतरच.

आत जे निघालं ते लांबून व्हिडिओतल्यासारखंच होतं. पण वायरच्या टोकाला छोटा थ्री-पिन प्लग, सहा अँपिअरचा. इथेच पाल चुकचुकली. २५०० वॅटचं यंत्र २३० व्होल्टवर जवळपास अकरा अँपिअर ओढणार. त्याला गीझरसारखा मोठा, सोळा अँपिअरचा प्लग लागतो. सहा अँपिअरच्या प्लगवर फार तर चौदाशे वॅटच्या आतलं काम. विक्रेता म्हणाला, “सर, कंपनीने तसाच दिलाय, काही होत नाही.”

मग घरीच नुसतं पाणी तापवून मोजमाप घेतलं. हे कुणालाही करता येतं, म्हणून नीट सांगतो. महावितरणच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. माझ्या मीटरवर ३२०० आहे. घरातलं बाकी सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा, आणि मोबाइलवर दिव्याचा व्हिडिओ काढून सावकाश चालवून मोजलं. मिनिटाला ७५. म्हणजे तासाला ४५००, भागिले ३२००, म्हणजे साधारण १.४ किलोवॅट. २५०० वॅट असते तर मिनिटाला १३३ च्या आसपास भरायला हवे होते. मीटरवर विश्वास नसेल तर घड्याळ घ्या. वीस लिटर पाणी एक अंशाने तापवायला २५०० वॅटला ३३-३४ सेकंद पुरतात, उष्णता बाहेर जाते ती धरून थोडे जास्त. माझ्याकडे एका अंशाला मिनिटभराहून जास्त लागत होतं.

यावर त्याचं उत्तर तयार होतं: “तुमच्याकडे व्होल्टेज कमी असेल.” उत्तर हुशार आहे, कारण अर्धं खरं आहे. व्होल्टेज घटलं की वॅट वर्गाच्या हिशेबाने घटतात. २४० व्होल्टवर २५०० वॅट देणारा एलिमेंट २२० वर २१०० च्या आसपास देतो. पण २५०० चे १४०० व्हायला व्होल्टेज १८० पर्यंत खाली यावं लागेल. यंत्र चालू असताना प्लगशी मल्टिमीटरने २२८ दाखवले. फोटो पाठवला, तर निळ्या टिका आल्या आणि उत्तर नाही.

यंत्र उचलून बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे नेलं. त्याने खालची प्लेट खोलली आणि हसला. “साहेब, हा कॅन्टीनचा बॉयलर आहे. चहाचं पाणी ठेवतात तो.” नळ तोच, एलिमेंट तोच, वरून जाळीचा डबा, डिस्प्ले आणि पंप चढवलेला. डिस्प्लेचा सेन्सर पाण्यात नाहीच, पत्र्याला बाहेरून चिकटपट्टीने लावलेला. आणि पंप? तो एअर कूलरचा होता. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत बुडवतात तो प्लास्टिकचा, गार पाण्यासाठीचा. ६५ अंशांच्या पाण्यात तो पाचेक मिनिटं चालला आणि प्लास्टिकचा वास सोडून थांबला.

स्टीलचं प्रकरण मला सगळ्यात लबाडीचं वाटतं. चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४, हे बहुतेकांना खरं वाटतं. पण स्वस्त २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, आणि आंबट रस आणि धुण्याची कडक रसायनं लागली की ते ३०४ पेक्षा लवकर गंजतं. दोन्ही वेगळे ओळखायला थेंब टाकून बघायचं द्रावण मिळतं. रविवार पेठेतल्या एका भांडीवाल्याने बॅटरी जोडून थेंब टाकला, तो लालसर झाला. “टू-झीरो-टू,” म्हणाला आणि बाटलीचं झाकण लावलं.

तरी एकदा आमच्या ब्रुअरीत, परवान्याच्या जागेत, माल्ट घालून बघितलंच. डिस्प्लेवर ६६. माल्टच्या मधोमध थर्मामीटर खुपसला तर ५९, बुडाशी ७८. स्टार्चची साखर करणाऱ्या एन्झाइमांपैकी एक सत्तरीच्या आसपास भराभर निकामी होतं, त्यामुळे बुडाच्या माल्टमधलं ते मेलं आणि मधला माल्ट अर्धवट राहिला. ज्वारीचा स्टार्च तर बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतो. तिथे तापमानावर ताबा नसेल तर यंत्राचा उपयोग पेजेपुरता.

पैसे परत मागितले तेव्हा तो खरा बोलला. आवाजातली साखर संपली होती. “करा ना तक्रार. एक्साइजवाल्यांना काय सांगणार, घरी काय बनवत होतात?”

मला वाटतं त्याचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, आणि त्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. घरी, स्वतःपुरती केलेली बिअरही त्यात आली. जाहिरातीत याबद्दल चकार शब्द नव्हता. उलट मी विचारलं तेव्हा “घरगुती वापराला चालतं सर” असं त्याने व्हॉट्सॲपवर लिहून दिलं होतं. गिऱ्हाईक पुढे घाबरणार हे त्याने किमतीतच धरलेलं असतं. माझ्या बाबतीत ट्रायल परवान्याच्या जागेत होती, म्हणून त्याचा बाण वाया गेला. पण पातेलं विकत घेणं म्हणजे दारू गाळणं नव्हे. १४०० वॅटचं भांडं २५०० चं म्हणून विकलं, ही तक्रार आत काय शिजवणार होतात यावर अवलंबून नाही. त्याच्या बिलावरही ‘वॉटर बॉयलर’ असंच लिहिलंय. मग वॉटर बॉयलर म्हणूनच तक्रार करा.

बिलाचंही ऐका. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. याच्या बिलावर पत्ता पिरंगुटचा आणि नंबर ०७ ने सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा. जीएसटीच्या पोर्टलवर तो नंबर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. ही तपासणी फुकट आहे आणि पैसे देण्याआधी करता येते. आयात केलेला माल म्हणत असेल तर खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता, एमआरपी आणि मूळ देश छापलेला असायला हवा. माझं खोकं कोरं होतं.

पैसे घेऊन वस्तूच आली नाही तर १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा. माझ्याकडे वस्तू आली होती, म्हणून मी आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली आणि मग जिल्हा आयोगात ऑनलाइन तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग विक्रेता कुठलाही असो. मुदत दोन वर्षांची. एक खोच आहे: धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ धरला जात नाही. माझं बिल माझ्या नावाने आणि पैसे माझ्या खात्यातले आहेत. मालकांच्या नावाने घेतलं असतं तर बहुतेक इथेच अडकलो असतो.

आणि ज्वारीची बिअर? ती आता आम्ही साध्या सरंजामावर करतो. चाळीस लिटरचं जाड बुडाचं पातेलं, माल्टसाठी जाळीदार कापडाची पिशवी, सोळा अँपिअरच्या पॉइंटवर हॉटेलवाल्यांची मोठी इंडक्शन शेगडी, आणि थर्मामीटर हातात. रस गार करायला तांब्याच्या नळीचं वेटोळं आहे, ते कसब्यातल्या तांबट आळीत वळवून घेतलं. चकचकीत काही नाही, ढवळून हात दुखतात, पण ६६ म्हणजे ६६. यंत्रच हवं असेल तर विक्रेत्याला एवढंच सांगा: माझ्यासमोर, माझा थर्मामीटर आत घालून, वीस लिटर पाणी तापवून दाखव, मग पैसे. पिरंगुटची चावी सापडत नसेल तर फोन ठेवून द्या.

नोटीस पोचल्यावर त्याचा फोन आला होता. निम्मे पैसे देतो, तक्रार मागे घ्या. मी सगळे मागितले, आणि बॉयलर त्याच्या खर्चाने घेऊन जा म्हणालो. अजून आलेला नाही. आयोगाची पुढची तारीख पडली आहे.