लॅमिंग्टन रोडचा कॉलर माइक

पत्रकारितेच्या वर्गात मोबाइलवर दोन मिनिटांची बातमी करायचा सराव असतो. त्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घासाघीस करून साडेआठशेला वायरलेस कॉलर माइक आणला. पहिली परीक्षा दादरच्या फूलबाजारात, भल्या पहाटे. हमालांचं ‘बाजू, बाजू’, वर स्टेशनची अनाउन्समेंट, तरी झेंडूवाल्या मावशींचा शब्द न् शब्द स्वच्छ आला. आवाज गाळायचं बटण मात्र दाबू नका, माणूस डब्यात बसून बोलतोय असं वाटतं. आणि बाजाराचा गलका नसेल तर बातमी कसली? माइक अडकवायची क्लिप अगदीच भिकार. पदरावर ठरेना, शेवटी मावशींनीच ब्लाउजची सेफ्टी पिन काढून दिली. ‘हे घे, आणि भाव नीट सांग लोकांना!’ बॅटरी ठीक. घ्यायला हरकत नाही, पण दुकानातच लावून, बोलून, ऐकून घ्या. बिल मागाल तर भाव वाढतो.