तंत्रज्ञानाची गोपनीयता: ऑनलाइन कोर्स की समोरासमोर प्रशिक्षण?

संवेदनशील तंत्रज्ञान हाताळणाऱ्यांना ऑनलाइन कोर्स द्यावा की समोर बसवून शिकवावं, असं एकाने विचारलं. खर्चात ऑनलाइन सरळ स्वस्त. कोणी कधी पूर्ण केला याची नोंदही आपोआप राहते, ऑडिटला ती लागतेच. पण लक्षात किती राहतं? लोक 'पुढे, पुढे' क्लिक करत सुटतात. माहिती साध्यासाध्या कामांतून फुटते: पुरवठादाराला मेल पुढे पाठवताना खालच्या जुन्या मेलमधलं ड्रॉइंग तसंच जातं, पाहुणे आले तरी स्क्रीन उघडीच असते. निर्यात नियंत्रणाच्या नियमांत, म्हणजे संवेदनशील तंत्रज्ञान परदेशात देण्यावर बंधनं घालणाऱ्या नियमांत, परदेशी व्यक्तीला ते नुसतं दाखवणंही हस्तांतरण ठरू शकतं. हे रोजच्या कामातली उदाहरणं घेऊन, शंका विचारतच नीट उमगतं. सर्वांच्या प्राथमिक ओळखीला आणि वार्षिक उजळणीला ऑनलाइन पुरे. डिझाइन, खरेदी, विक्रीवाल्यांना मात्र समोरासमोरच शिकवा.