छोटं मोटरहोम की कॅम्पर व्हॅन? ट्रॅव्हलरच्या चेसिसवरच्या बॉडीची पारख

कॅम्पर व्हॅनमध्ये दोघांचं छान भागतं. सोबत पोरं आणि आजी आल्या की मात्र रोज संध्याकाळी टेबल मोडून पलंग आणि रोज सकाळी पलंग मोडून टेबल, हा उद्योग सुरू होतो. चौथ्या दिवशी सगळेच लॉज शोधायला लागतात. छोटं मोटरहोम हा त्यावरचा खरा उपाय आहे, फक्त बॉडी बांधणाऱ्याने वजन आणि सांधे या दोन गोष्टी मनावर घेतलेल्या असल्या पाहिजेत.

दोन्हींतला फरक आधी पक्का करू. कॅम्पर व्हॅन म्हणजे कंपनीच्या पत्र्याच्या बॉडीत आतून केलेलं घर. मोटरहोम म्हणजे कंपनीची केबिन आणि चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, तेवढी ठेवून मागे स्वतंत्र बांधलेली खोली. आपल्याकडे त्यासाठी सोयीची गाडी म्हणजे फोर्सची ट्रॅव्हलर. खाली वेगळी चेसिस, मागच्या चाकांना ओढ, २५९६ सीसीचं ११५ अश्वशक्तीचं इंजिन आणि ३५० न्यूटन मीटर टॉर्क. शिवाय तालुक्याच्या गावातही तिचं काम करणारा मेकॅनिक भेटतो. टाटा विंगरला वेगळी चेसिस नाही आणि ओढ पुढच्या चाकांना आहे. मागे जड खोली लादली की ओल्या चढावर पुढची चाकं हलकी पडून घसरतात. फोर्सच्याच अर्बेनियालाही वेगळी चेसिस नाही, बॉडीच चेसिसचं काम करते. या दोन्ही गाड्या कॅम्पर व्हॅनसाठी उत्तम, पण कापून मागे पेटी बसवायला नाहीत.

ट्रॅव्हलर ३०५०, ३३५० आणि ४०२० मिलिमीटर व्हीलबेसमध्ये, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरात, येते. मोटरहोमसाठी आमचं मत ठाम ३३५० कडे आहे. ४०२० वर खोली ऐसपैस होते, पण केळघर घाटातल्या वळणांवर आणि वाईच्या पेठेत तिचा जाच होतो. ३०५० वर मागचा भाग चाकांच्या फार बाहेर काढल्याशिवाय पलंगच बसत नाही.

आता जागेचा हिशेब, कारण सगळा खेळ तिथेच आहे. व्हॅनच्या भिंती वर जाताना आत झुकतात. आतली रुंदी १.८० मीटर धरली आणि दोन्ही बाजूंना इन्सुलेशन व प्लायचे चार-चार सेंटिमीटर गेले, तर उरतात १.७२ मीटर, म्हणजे पाच फूट आठ इंच. साडेपाच फुटांवरच्या माणसाला तिथे आडवं झोपून पाय ताणता येत नाहीत. मग पलंग उभा टाकावा लागतो आणि गाडीच्या लांबीतले १.९० मीटर तो एकटा खातो. मोटरहोमची खोली बाहेरून २.१० मीटर रुंद आणि भिंत ३० मिलिमीटरच्या सँडविच पॅनेलची (दोन पातळ थरांमधे फोम) असेल, तर आत सरळ २.०४ मीटर मिळतात. पलंग आडवा बसतो आणि लांबीतले १.३५ मीटरच घेतो. हे वाचलेले ५५ सेंटिमीटर म्हणजेच बंद दाराचं न्हाणीघर. युरोपातही हेच गणित आहे. तिथली नेहमीची व्हॅन फियाट डुकाटो २.०५ मीटर रुंद असते. छोट्या मोटरहोमची खोली त्याहून थोडीशीच रुंद असते, पण भिंती सरळ असल्यामुळे आत मोठी वाटते.

रुंदी २.१० च्या वर मात्र नेऊ देऊ नका. केबिनपेक्षा खोली दोन्ही बाजूंना बाहेर येते, मूळ आरशांत मागचं चाक दिसत नाही, म्हणून लांब दांड्यांचे आरसे हवेतच. तेवढ्या रुंदीला रस्त्यांची भीती बाळगायचं कारण नाही. एसटी याहून रुंद असते. ज्या गावाला मुक्कामाची एसटी जाते तिथे ही गाडी जाते, आणि फांद्याही एसटीनेच मोडून ठेवलेल्या असतात. एसटी न जाणाऱ्या रस्त्यावर उंची सांभाळायची. छतावरचा पंखा आणि सोलर धरून एकूण उंची मोजून घ्या आणि तो आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा. शेताकडे जाणाऱ्या वाटेवरची लोंबती वीजतार आणि गावाची कमान, धोका या दोन ठिकाणी असतो.

मागचा भाग किती बाहेर काढायचा, हा बॉडीवाल्याशी वादाचा विषय होतो. नियमाने तो व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपर्यंत चालतो, म्हणजे ३३५० वर २०१० मिलिमीटर. पण कायद्यात बसतंय म्हणून काढायचं नसतं. मागचा बंपर जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर आणि चाकापासून २ मीटर लांब असेल तर कोन जेमतेम ११ अंशांचा राहतो. शेतघराच्या चढाला लागताच शेपूट घासतं आणि पहिला फटका सांडपाण्याच्या नळाला बसतो. मागचा भाग १६०० ते १६५० ठेवा, एकूण लांबी सहा मीटरच्या आत राहते. वळताना हे शेपूट उलट्या बाजूला झुलतं. पसरणीच्या वळणावर कठड्याला खेटून उभं राहून स्टिअरिंग पूर्ण तोडलं की मागचा कोपरा कठड्याला लागलाच.

वजनाचं मात्र कुणी बोलत नाही. परवान्याची अडचण नसते, ७५०० किलोपर्यंत हलक्या वाहनाचा परवाना चालतो. प्रश्न गाडीच्या स्वतःच्या क्षमतेचा असतो. घरचं फर्निचर करणारा सुतार गाडीतही १८ मिलिमीटरचा प्लाय वापरतो. आठ बाय चारचा असा एक ताव साधारण ३५ किलोचा. दहा ताव म्हणजे साडेतीनशे किलो, वर सनमायका वेगळाच. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, चार माणसं पावणेतीनशे किलो. साधी १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी एकेक पन्नासेक किलोची, आणि माणसं दोन-दोन लावतात. कपाटांना ९ किंवा १२ मिलिमीटरचा हलका प्लाय, चौकटीला अ‍ॅल्युमिनियमचं सेक्शन आणि एक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी एवढं केलं तरी दोन-अडीचशे किलो सहज वाचतात.

गाडी ताब्यात घेण्याआधी पाणी भरून, माणसं बसवून मार्केट यार्डातल्या किंवा साखर कारखान्याजवळच्या वजनकाट्यावर न्या. तीनदा तोलायची: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं, फक्त मागची चाकं. एकूण वजन बसतं आणि मागचा अ‍ॅक्सल मात्र ओव्हरलोड, असं वरचेवर निघतं, कारण पाण्याची टाकी आणि पलंगाखालचं सामान दोन्ही मागच्या चाकांच्या मागे असतात. टाकी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, जमिनीलगत हवी.

आता पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि मोटरहोमचा जीव सांध्यांत असतो. व्हॅनचा पत्रा अखंड असतो, त्यामुळे ती सहसा गळत नाही. व्हॅनच्या बाजूने हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. मोटरहोम चार ठिकाणी गळतं. छत आणि भिंतीच्या कडेची पट्टी, खिडक्या, छतावरच्या पंख्याची चौकट, आणि केबिन व खोलीचा जोड. शेवटचा सगळ्यात वाईट. खड्ड्यात चेसिस पिळते, केबिन एकीकडे वळते, खोली दुसरीकडे, आणि ताठ बसवलेला सांधा फाटतो. तिथे लवचीक रबरी जोड हवा. पट्टीखाली ब्युटाइल टेप आणि कडेने पॉलियुरेथेन सीलंट ही योग्य पद्धत. बॉडीवाला सिलिकॉनची नळी काढून पिळायला लागला तर तिथेच थांबवा. सिलिकॉनवर पुढे रंग धरत नाही आणि दुरुस्तीच्या वेळी नवं सीलंटही चिकटत नाही.

पारख करायची ती अशी. साध्या पाइपने छतावर आणि सांध्यांवर वीस मिनिटं पाणी सोडा. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन नको, ती चांगला सांधाही उचकटते. मग आतली कपाटं रिकामी करून कोपऱ्यांतून कोरडा टिश्यू पेपर फिरवा. जुनी गाडी घेत असाल तर पलंगाखालच्या आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यात अंगठ्याने जोरात दाबून बघा. जमीन मऊ लागली, दाबल्यावर किंचित खचली आणि कुबट वास आला, तर आतलं लाकूड कुजलेलं आहे. किंमत कितीही पाडून दिली तरी ती गाडी सोडून द्या.

न्हाणीघराबद्दल एक गोष्ट विलायती माहितीपत्रकात सापडत नाही. कॅसेट टॉयलेटची, म्हणजे काढून रिकामी करायच्या संडासाची, टाकी साधारण १८ ते २० लिटरची असते आणि दोघांना ती दोन-तीन दिवस पुरते असं सांगतात. ते कागद वापरणाऱ्यांचं गणित. आपल्याकडे जेट स्प्रे लावला की तीच टाकी दीड दिवसात भरते. जेटच्या जागी पाण्याचा मग (टमरेल) ठेवा किंवा सोबत दुसरी कॅसेट बाळगा. भरलेली कॅसेट वीस किलोंच्या घरात जाते, म्हणून तिला चाकं आणि ओढायची दांडी आहे का बघा. ती शौचालयातच रिकामी करायची, ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर कधीच नाही. कॅसेटमध्ये टाकायचं औषध एन्झाइमचं घ्या. फॉर्मल्डिहाइडचं औषध यजमानाच्या सेप्टिक टाकीतले जिवाणू मारतं.

विजेचं थोडक्यात. २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिटं. फ्रिज, दिवे, पंखा आणि मोबाइल एवढ्यावर दोन दिवस निघतात. एक टनाचा एसी मात्र दोन-अडीच तासांत ती झोपवतो. पाचगणीला एसी लागत नाही, सांगलीत एप्रिल-मेमध्ये लागतोच, म्हणून तिथे १५ अँपिअरचा सॉकेट मिळेल अशाच ठिकाणी मुक्काम. सोबत २.५ स्क्वेअर मिलिमीटरची तीन तारांची २० मीटर केबल आणि गाडीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, हवी. शेतघरात अर्थिंग असेलच असं धरू नका, आधी तपासून घ्या. कोयनेच्या धुक्यात सोलरचा फारसा उपयोग नाही, तिथे चालत्या गाडीतून भरणारा ३० अँपिअरचा डीसी चार्जर कामाला येतो. तीन तासांच्या प्रवासात एक युनिटाच्या वर भर पडते.

घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत वापरू नका. पाच किलोचा बाजारात मिळणारा सिलिंडर चालतो. त्याचं कपाट आतून बंद, बाहेरून उघडणारं आणि तळाशी जाळी असलेलं पाहिजे, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. गळतीचा अलार्मही जमिनीलगतच हवा. बरेच जण तो छताला लावतात, तिथे तो निरुपयोगी आहे.

कागदपत्रांत ढिलाई नको. जुनी प्रवासी ट्रॅव्हलर घेऊन गॅरेजमध्ये सीट काढून खोली बांधणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदल ठरतो. मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहण्याच्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे मानक आहे. बांधणाऱ्याकडे त्याची मंजुरी आहे का आणि आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिला जाणार, हे बयाणा देण्याआधी लेखी घ्या. नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. पलंग चार म्हणजे सीट चार असंही नसतं. बाजूला तोंड असलेल्या सोफ्यावर चालत्या गाडीत बसणं धोक्याचं आहे. पुढे तोंड असलेल्या, चेसिसला बोल्ट मारलेल्या आणि पट्टा असलेल्या सीट किती, तेवढीच माणसं.

मुक्कामाच्या जागा निवडताना भूगोल ध्यानात ठेवा. चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. सपाट भिंतीची ही पेटी वाऱ्यात व्हॅनपेक्षा जास्त हलते. तोंड वाऱ्याकडे करून लावायची आणि बाजूचा कापडी छज्जा उघडायचा नाही. कासच्या पठारावर मुक्कामाचा विचारच नको, फुलं बघून खाली उतरा. पावसाळ्यात कृष्णेकाठी घाटावर गाडी लावू नका. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका असतो, आणि कोयनेतून विसर्ग वाढला की पाणी रात्रीतून चढतं. वाई, तापोळ्याकडची कृषी पर्यटन केंद्रं सगळ्यात बरी, पाणी आणि वीज दोन्ही मिळतं.

दोघंच असाल, शनिवार-रविवारच फिरणार असाल आणि गाडी शहरात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी करायची असेल, तर कॅम्पर व्हॅनच घ्या. तीन-चार माणसं, तीनपेक्षा जास्त रात्री आणि घरी गाडी उभी करायला शेड असेल, तर मोटरहोमचे पैसे वसूल होतात.

शेवटचा हप्ता देण्याआधी एक फेरी मारायची. साताऱ्याहून मेढामार्गे केळघर घाट चढून महाबळेश्वर, तिथून पाचगणी, पसरणी घाट उतरून वाई आणि परत सातारा. टाकी भरलेली, कपाटांत भांडी भरलेली. पसरणी दुसऱ्या गिअरवर उतरा. ब्रेकचा वास आला तर गाडी जड झालीय. ड्रॉवर लोहचुंबकावर असतील तर पहिल्याच वळणाला उघडतील, तिथे दाबून बसणारी कुलपं मागून घ्या. परत आल्यावर केबिनमागच्या जोडावर हात फिरवा, सीलंटला चीर पडली आहे का बघा, टाकीचे पट्टे पान्याने तपासा, आणि सगळं जागेवर असेल तरच सही करा.