साठचं मशीन, तिसाचं पोट

पारोळा ते एरंडोलच्या दरम्यान सुरत-नागपूर महामार्गाला लागून एक हॉटेल आहे. पुढे अठरा गाळे, मागे लॉन्स. मालकाला सगळे बापू म्हणतात. बापूंनी विजेवरच्या गाड्यांचं चार्जिंग स्टेशन लावलं. कोटेशनवर ठळक अक्षरात होतं, ‘60 किलोवॅट ड्युअल गन डीसी फास्ट चार्जर, 240 किलोवॅटपर्यंत एक्सपांडेबल’. गन म्हणजे गाडीला लावायचा प्लग. मशीन बसलं, नारळ फुटला, पेढे वाटले. सात महिन्यांनी दुसरं मशीन जोडायला वेगळा कॉन्ट्रॅक्टर बोलावला, तेव्हा वाढवायचं लांबच राहिलं. पैसे मोजले तेवढंसुद्धा जागेवर नाही हे उघड झालं.

तक्रार आधीपासून होती. स्क्रीनवर आकडा 28-29 किलोवॅटच्या वर जात नव्हता. विकणारा म्हणायचा, गाडीच तेवढं घेते. हे उत्तर अर्धं खरं असतं, म्हणून पचतं. बॅटरी 80 टक्क्यांच्या पुढे गेली की कुठलीही गाडी चार्जिंगचा वेग कमी करते आणि काही गाड्यांची मुळातली मर्यादाही कमी असते. पण 50 किलोवॅट घेऊ शकणारी गाडी 20 टक्के बॅटरीवर लावूनही आकडा 29 वरच अडत असेल, तर दोष गाडीचा नाही.

मशीनचं मागचं दार उघडल्यावर कोडं सुटलं. डीसी चार्जरचं पोट म्हणजे एसी विजेची डीसी करणारी, एकावर एक सरकवलेली पॉवर मॉड्यूल्स, ड्रॉवरसारखी. या कपाटातलं एक मॉड्यूल 30 किलोवॅटचं, म्हणजे साठसाठी दोन लागतात. आत एकच होतं. दुसऱ्या खाचेवर चार स्क्रूंनी पत्र्याची पट्टी मारलेली, वरून रंगही दिलेला. बाहेरच्या नेमप्लेटवर मात्र ‘कमाल 60’. कमाल म्हणजे कपाटाची क्षमता. आत काय भरलंय ते नेमप्लेट सांगत नाही. दोन गन होत्या, पण दोन गाड्या एकदम लागल्या की दुसरी नुसती वाट बघत उभी. ‘एक्सपांडेबल’ शब्दाचा इथे खरा अर्थ असा होता की आत्ताच्या साठपैकी तीस तुम्ही नंतर पुन्हा विकत घ्यायचे.

म्हणून माल उतरला की पहिलं काम दार उघडून मॉड्यूल मोजणं. प्रत्येकावर क्षमतेचं लेबल आणि सिरियल नंबर असतो. दोन्हींचे फोटो काढायचे आणि डिलिव्हरी चलनाच्या मागे ते नंबर लिहून सही घ्यायची. चाचणी प्रमाणपत्र मागायचं. पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट अशा संस्थांचं प्रमाणपत्र ठराविक मॉडेलचं असतं, कंपनीचं नसतं. प्रमाणपत्रावरचा मॉडेल नंबर आणि नेमप्लेटवरचा नंबर एकेक अक्षर जुळवून बघा. बापूंच्या फायलीतलं प्रमाणपत्र त्याच कंपनीच्या दुसऱ्याच मशीनचं निघालं.

जुना स्टॉक खपवण्याची वेगळी तऱ्हा आहे, तीही सांगून ठेवतो. ‘भारत डीसी-001’ नावाचे 15 किलोवॅटचे चार्जर सुरुवातीच्या कमी व्होल्टच्या गाड्यांसाठी आले होते. त्यांचं आउटपुट 200 व्होल्टच्या आत. आजच्या बहुतेक मोटारींच्या बॅटऱ्या 300 व्होल्टच्या पुढे आणि त्यांना सीसीएस-2 प्रकारची गन लागते. हा जुना डबा ‘सरकारमान्य डीसी फास्ट चार्जर’ म्हणून स्वस्तात दाखवतात. सरकारमान्य होताच, पण आता त्याला गाडी लागणार कुठली? तसंच 22 किलोवॅटच्या एसी चार्जरचं. तिथे एसीचं डीसी गाडीतला चार्जर करतो; तो 3.3 किंवा 7.2 किलोवॅटचा असेल तर भिंतीवर 22 लावूनही गाडी तेवढंच घेणार.

आता जमिनीखालचं, कारण खरी लबाडी तिथे होती.

60 किलोवॅटचा चार्जर पूर्ण ताकदीने चालला तर थ्री-फेजमध्ये दर फेजला साधारण 90 अँपिअर ओढतो, 30 चा साधारण 45. बापूंकडे टाकलेली केबल साडेतीन कोअर, 35 स्क्वेअर मिलिमीटर, ॲल्युमिनियम. तीसला ती चालते. साठला, आणि तेही भुसावळ-जळगावच्या 45 अंशांच्या मे महिन्यात, ती टोकावर येते; निदान 70 स्क्वेअर हवी होती. म्हणजे केबल टाकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की इथे तीसच चालणार आहे. केबलच्या आवरणावर दर मीटरला आकार छापलेला असतो. चर बुजवण्याआधी तो वाचून फोटो काढला असता तर मशीनचं दार उघडायचीही गरज पडली नसती.

240 चं स्वप्न विकायचं असेल तर त्याची तयारी जमिनीत दिसली पाहिजे. 120 किलोवॅटला दर फेजला साधारण 180 अँपिअर लागतात, म्हणजे निदान 150 स्क्वेअरची ॲल्युमिनियम केबल. आज ती टाकायची गरज नाही. आज टाकायचा तो रिकामा पाइप. पॅनलपासून पार्किंगपर्यंत 160 मिलिमीटरचे दोन जादा डीडब्ल्यूसी (दुहेरी भिंतीचे प्लास्टिक) पाइप, आत नायलॉनची दोरी ओवून, तोंडं बंद करून, दर 25-30 मीटरला आणि प्रत्येक वळणावर चेंबर. पूर्ण कामात सगळ्यात स्वस्त वस्तू हीच आणि कोटेशनमधून सगळ्यात आधी गळते तीही हीच. बापूंची केबल पाइपशिवाय, जेमतेम फूटभर खोल, वर पेव्हर ब्लॉक. चर 750 मिलिमीटर खोल हवा, खाली-वर वाळू, वर विटा किंवा फरशी, त्यावर इशाऱ्याची पट्टी. आता दुसरी केबल टाकायची तर सगळं पार्किंग पुन्हा उकरायचं.

त्यात आपली तापीकाठची काळी माती. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते. मशीनचा चौथरा मुरूम लागेपर्यंत न खोदता वरच्यावर ओतला तर दोन पावसाळ्यांत कलतो आणि खालच्या केबलच्या ग्लँडवर, म्हणजे ती मशीनमध्ये शिरते तिथल्या जोडावर, ताण येतो. बापूंचा एकाच पावसात कलला. चौथऱ्याचा आकारही एका मशीनपुरता होता. दुसऱ्यासाठी ना जागा सोडली, ना बोल्ट.

अर्थिंगचे तीन खड्डे बिलात होते, ‘केमिकल अर्थिंग, 3 मीटर’. एक उकरला तर हातात मीटरभराचा तुकडा आला. तीन मीटरच्या एका पाइपाचे तीन तुकडे करून तीन खड्डे केले होते. पावसाळ्यात असं अर्थिंग खपून जातं. माती वाळली की न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज चढतो आणि चार्जर ‘अर्थ फॉल्ट’ दाखवून बंद पडतो. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी बंद आणि पहाटे सुरू होणाऱ्या मशीनच्या तक्रारीत आधी हेच बघावं. दुसरं कारण उष्णता. आतलं तापमान चढलं की मॉड्यूल आपोआप ताकद कमी करतं. जवळ जिनिंग असेल तर हंगामात फिल्टरवर कापसाची पिंजण बसते आणि हे लवकर होतं. फिल्टर कोणी, किती दिवसांनी साफ करायचा, हे देखभालीच्या करारात कोणीच लिहीत नाही.

लोडचं, म्हणजे किती वीज लागेल त्याचं गणित तर आणखी सोपं होतं, पण ऑर्डरच्या आधी विचारलंच नाही. हॉटेलचं 100 केव्हीएचं ट्रान्सफॉर्मर, महावितरणची मंजूर मागणी 65 केव्हीए (केव्हीए म्हणजे मागणीचं माप). मे महिन्यात रात्री आठला एसी, डीप फ्रीझर आणि किचन मिळून 45-50. त्यावर साठचा चार्जर म्हणजे आणखी साधारण 64. मंजूर मागणी तर गेलीच, ट्रान्सफॉर्मरही पुरत नाही. तीसवर चालूनसुद्धा मागणी ओलांडली जात होती आणि महावितरणच्या बिलात जादा मागणीचा दंड महिनोन्महिने येत होता. तो बापूंनी ‘आकार वाढला असेल’ म्हणून भरला. 240 किलोवॅटला साधारण 255 केव्हीए लागतात. म्हणजे 11 केव्हीची उच्चदाब जोडणी, मीटरिंगची व्यवस्था, 315 केव्हीएचं ट्रान्सफॉर्मर आणि ते ठेवायला जागा. यातलं एक अक्षर कोटेशनमध्ये नव्हतं. नंतर विचारल्यावर विकणाऱ्याचं उत्तर ठेवलेलंच होतं, “बापू, टेन्शन लेवानं नही, पुढला सालले लोड वाढाई देसूत.” लोड वाढवणं विकणाऱ्याच्या हातात नसतं. ते फीडरवर, म्हणजे त्या भागाच्या वीजवाहिनीवर, शिल्लक किती आहे त्यावर ठरतं. म्हणून ऑर्डरच्या आधी महावितरणच्या उपविभागात अर्ज करून लेखी उत्तर घ्यायचं. चार्जिंग स्टेशनसाठी वेगळी दर वर्गवारी आहे, स्वतंत्र मीटर मागता येतं. बापूंना ते कोणी सांगितलंच नाही.

नवीन इमारत बांधत असाल तर 2019 च्या केंद्राच्या आदर्श बांधकाम उपविधींमधला हिशोब वापरा. पार्किंगच्या 20 टक्के जागा चार्जिंगसाठी धरायच्या आणि सगळे पॉइंट एकाच वेळी चालतील असं मानून त्या लोडला 1.25 ने गुणायचं.

कमी लोडमध्ये जास्त मशीनं चालवायचा प्रामाणिक रस्ता आहे, लोड मॅनेजमेंट. मुख्य पॅनलच्या इनकमरवर, म्हणजे वीज आत येते तिथे, तीन सीटी (करंट मोजणारी कडी) बसतात, त्या हॉटेलचा लोड मोजतात आणि त्यावरून सॉफ्टवेअर उरलेली वीजच चार्जरला देतं. बापूंच्या बिलात ‘लोड मॅनेजमेंट सॉफ्टवेअर’ अशी ओळ आणि वेगळी रक्कम होती. पॅनल उघडल्यावर इनकमरवर एकही सीटी नाही. नुसतं सॉफ्टवेअर हॉटेलचा लोड ओळखणार कशावरून? ताबा घेताना गाडी लावून सॉफ्टवेअरमधली मर्यादा 15 किलोवॅटवर आणायची आणि स्क्रीनवरचा आकडा खाली येतो का ते बघायचं. मग हॉटेलचे सगळे एसी लावून पुन्हा बघायचं. पॅनलचीही तीच गोष्ट. बसबार (आतल्या वीज वाटणाऱ्या पट्ट्या) पुढच्या लोडच्या हिशोबाने आणि निदान दोन आउटगोइंग (बाहेर जाणारी सर्किटं) रिकामे. प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र सर्किट आणि 30 मिलिअँपिअरचा, टाइप ए किंवा त्याहून चांगला आरसीडी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, हवाच. इथे स्कूटरसाठी एसी सॉकेट चार आणि आरसीडी एक होता, एका स्कूटरचा दोष आला की चारही बंद.

पासवर्डचा फास शेवटी आवळला. चार्जर ओसीपीपी नावाच्या प्रोटोकॉलवर सर्व्हरशी बोलतो, त्यामुळे सर्व्हर बदलता यायला हवा. पण सर्व्हरचा पत्ता बदलायचा ॲडमिन पासवर्ड विकणाऱ्याने दिला नव्हता, आतलं सिमकार्डही त्याच्याच नावावर. देखभालीच्या पैशांवरून बोलाचाली झाली आणि दुसऱ्या दिवशी ॲपवर स्टेशन ‘ऑफलाइन’. पासवर्ड, सिम आणि दुसऱ्या सर्व्हरवर नेऊन दाखवलेला एक चार्जिंग व्यवहार, हे तिन्ही हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. बापूंनी ऑर्डरबरोबरच 80 टक्के दिले होते. ऑर्डरला 30, मॉड्यूल मोजून माल उतरल्यावर 30, पूर्ण लोडची चाचणी झाल्यावर 30 आणि एक उन्हाळा गेल्यावर 10, असं ठरवलं तर खरं काम करणारा कुरकुरतो पण तयार होतो.

विकणारा दाखवतो तो कमाईचा तक्ताही तपासायचा. त्यात 40 टक्के वापर धरला होता. 60 किलोवॅट गुणिले 24 तास, त्याचे 40 टक्के, म्हणजे दिवसाला 576 युनिट. एक गाडी सरासरी 23 युनिट घेते असं धरलं तर रोज 25 गाड्या. एक दिवस टोलनाक्यावर खुर्ची टाकून विजेवरच्या गाड्यांच्या हिरव्या नंबरप्लेटा मोजल्या असत्या तरी अंदाज आला असता. नुसत्या गाड्या मोजून भागत नाही, त्यातल्या किती चहाला थांबतील तेही धरायला हवं. जळगाव-धुळे शहरांच्या आतल्या गाळ्यांसाठी तर डीसीपेक्षा दुचाकी आणि रिक्षांची 3.3 किलोवॅटची सॉकेटंच आधी भरतात.

सबसिडीच्या नावाने त्याच विकणाऱ्याने वेगळी ‘फाइल फी’ही घेतली. ऑक्टोबर 2024 ला सुरू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या ई-वाहन योजनेच्या 10,900 कोटींपैकी 2,000 कोटी सार्वजनिक चार्जिंगसाठी आहेत, हे खरं आहे आणि खरं आहे म्हणूनच त्याच्या नावावर फी मागता येते. खाजगी खात्यात पैसे मागणाऱ्याला मंजुरीचं पत्र दाखवायला सांगा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

बापू ग्राहक आयोगाकडे जायला निघाले होते. व्यापारासाठी घेतलेल्या मालाला 2019 च्या ग्राहक कायद्यात सहसा जागा नाही, स्वतःच्या पोटापाण्यापुरत्या स्वयंरोजगाराची सूट अठरा गाळ्यांच्या मालकाला मिळणं अवघड. उरतं दिवाणी कोर्ट आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली पोलिसात तक्रार. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात न्यायक्षेत्र तिसऱ्याच शहराचं छापलेलं होतं. मॉड्यूलचे फोटो, अर्थिंगचा तो मीटरभराचा तुकडा, केबलवरचा छापा आणि महावितरणची बिलं आता वकिलाकडे आहेत.

मशीन अजून तिसावरच आहे. दुसरं मॉड्यूल त्याच बनावटीचं लागतं, नाहीतर कंट्रोलर ते ओळखत नाही. आणि त्या बनावटीचं मॉड्यूल देणाऱ्याचा फोन लागत नाही.