रत्नागिरी-राजापूरची कातळशिल्पं: गावातला गाइड घ्याच

कातळशिल्पं म्हणजे उघड्या कातळात कोरलेली जुनी चित्रं, ती बघायला कोकणात जाणार असाल तर मॅपवर पिन टाकून परस्पर सड्यावर (सपाट उघड्या कातळाच्या माळावर) जाऊ नका, गावातला माणूस बरोबर घ्या. आम्ही घरची पाच जणं, त्यात आई पण, गाडी आणि गाइड असं दोन दिवसांचं बुकिंग केलं होतं, आणि मी पाचपैकी साडेचार स्टार देते, अर्धा का कापला ते पुढे सांगते.

गाइड त्याच भागातला तरुण मुलगा. पावस, पूर्णगडचा पूल, गावखडी करत सकाळी लवकर कशेळीच्या सड्यावर पोचलो तर समोर नुसता काळपट जांभा दगड आणि वाळलेलं गवत, बाकी काही नाही. पोरं लगेच "कुठे आहे हत्ती" म्हणून सुरू झाली. त्याने पिशवीतून छोटी झाडू काढली आणि एका खाचेतला पाचोळा आणि माती हळूहळू बाजूला करत निघाला, म्हणाला काकी जरा बाजूला या, तुम्ही सोंडेवर उभ्या आहात! आई एवढी दचकली की आधी चप्पलच काढली तिने. मग त्याच्या मागोमाग बाहेरच्या रेषेच्या कडेकडेने आम्ही सगळा हत्ती चाललो, सोंड, पाय, पाठ, आणि चालता चालताच तो डोक्यात तयार होत गेला, कारण उभं राहून एका नजरेत तो मावतच नाही, जवळजवळ 18 मीटर बाय 13 मीटर आहे. आणि हत्ती पोकळ नाही, त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत, जमिनीवरचे आणि समुद्रातले पण. पाकट (चपटा, लांब शेपटीचा मासा) कुठला आणि मुशी (छोटा शार्क) कुठली ते गाइडने शेपटी आणि पर दाखवून ओळखायला शिकवलं, नंतर माझी मुलगी आमच्या आधी शोधायला लागली. इथे आम्ही ठरल्यापेक्षा खूप जास्त वेळ थांबलो.

मला त्याचं सगळ्यात काय आवडलं तर थापा नाही मारल्या. वय विचारलं तर म्हणाला दहा हजार वर्षांहून जुनी असावीत असा अंदाज सांगतात, पण दगडावरच्या खाचेचं वय थेट काढता येत नाही, काम चालू आहे. मग चित्रांतच काय काय आहे ते बघायला लावलं, शिकारीचे प्राणी आहेत, मासे आहेत, पण शेती कुठेच नाही. कोकणात आज नसलेला गेंडासुद्धा या चित्रांमध्ये ओळखला गेलाय, म्हणजे काढणाऱ्यांनी तो बघितलेला असणार! सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून ही शिल्पं शोधली तेही त्याने आवर्जून सांगितलं. काही ठिकाणी गावकरी आधीपासून पूजा करायचे, पण बरीचशी मातीखाली गेलेली होती. 2022 ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली कातळशिल्पं आली त्यात कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी ही सगळी आहेत.

देवाचे गोठणेला कोरलेल्या माणसाजवळ होकायंत्र ठेवून दाखवतात, सुई सरळ भलतीकडेच जाते. जांभ्यात लोखंड असतं हे शाळेत शिकलेलो, पण नेमकं इथेच हे चित्र का काढलं असेल यावर गाडीत सगळ्यांचे आपापले तर्क चालले होते.

आता अर्धा स्टार. बारसू भर दुपारी ठेवलं होतं. ऊन डोक्यावर, सावलीला एक झाड नाही, आणि त्या उजेडात खाचांना सावलीच पडत नाही त्यामुळे समोर असून चित्र दिसत नाही. हे रोज लोकांना नेणाऱ्यांना माहीत असणार ना, मग वेळापत्रक असं का? गाइडनेच सुचवलं की राजापुरात जेवून परत येऊ, ड्रायव्हर कुरकुरला, त्याला सारखे लवकर आवरा म्हणून फोन येत होते, पण आम्ही ऐकलं नाही. उन्हं कलल्यावर आलो आणि तोच कातळ वेगळा दिसला, मधे माणूस आणि दोन बाजूंना दोन वाघ, रेषा न् रेषा सुटी. माझं म्हणणं एवढंच की दिवसाला दोनच ठिकाणं ठेवा, एक सकाळी लवकर, एक चारनंतर.

उक्षी लहान मुलांसाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी सोपं पडतं. इथेही एक हत्ती कोरलाय, त्याच्याभोवती दगडी गडगा आहे, वरून बघायला जागा केलीय, कोणाचा पाय पडत नाही. गावाने ही काळजी घेतली याचं खरंच कौतुक वाटतं. बाकी बऱ्याच ठिकाणी उघडा सडाच आहे. एका जागी कोणीतरी फोटोत उठून दिसावं म्हणून खाचांमध्ये खडू भरून ठेवला होता, आणि एक ग्रुप बाइक घेऊन थेट शिल्पाजवळ येत होता, गाइडने हात जोडून थांबवलं त्यांना. कृपा करून असं करू नका, खडू नको, पाणी ओतणं नको, कडेवर उभं राहून फोटो नको. आजूबाजूला चिऱ्याच्या खाणी आहेत, रस्ते होतायत, त्यातून जे वाचलंय ते आपल्या रील्सपायी झिजायला नको.

पावसाळ्यात शेवाळ आणि पाणी असतं, लगेच नंतर गवत माजलेलं असतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारी बरा. टोपी आणि भरपूर पाणी घ्या, सड्यावर काही मिळत नाही. बुकिंग करताना फोनवरच विचारून घ्या की गाइड स्थानिक आहे का आणि कुठलं ठिकाण किती वाजता, आणि दुपारी बारा ते तीन सड्यावर काही ठेवलं असेल तर तिथल्या तिथे बदलून मागा.