अमेरिकेत नवी नर्स, डोक्यावर कर्ज: पीएसएलएफ, नर्स कोर की व्हीए?

अमेरिकेत नर्सिंग करून नुकत्याच आरएन (नोंदणीकृत नर्स) झालेल्या मुलीला नोकरी शोधताना एक सल्ला हमखास मिळतो: "नॉन-प्रॉफिट हॉस्पिटल धर, दहा वर्षांत कर्ज माफ." सल्ला खोटा नाही, अर्धवट आहे. आपल्याकडच्या शेतकरी कर्जमाफीसारखा सरसकट निर्णय तिथे होत नाही. कर्ज किती, कोणाच्या नावावर आणि पगार नेमका कोण देतं, यावर सगळं ठरतं. माझं मत आधीच सांगून टाकते: कर्ज वर्षाच्या पगाराच्या निम्म्याहून कमी असेल, तर निव्वळ माफीसाठी नोकरी निवडू नका.

आधी पीएसएलएफ, म्हणजे सार्वजनिक सेवेतल्यांची कर्जमाफी, कारण नाव याचंच जास्त घेतलं जातं. २००७ च्या कायद्याने आलेली ही योजना. सरकारी किंवा ५०१(सी)(३) नॉन-प्रॉफिट संस्थेत आठवड्याला किमान ३० तास काम करायचं, १२० पात्र हप्ते भरायचे, उरलेलं फेडरल (केंद्र सरकारचं) कर्ज माफ. माफ झालेल्या रकमेवर केंद्राचा आयकर नाही. हप्ते सलग असण्याची अट नाही. मध्ये नोकरी सोडली तर मोजणी थांबते, आधीचे हप्ते वाया जात नाहीत. चालतं ते फक्त केंद्र सरकारने थेट दिलेलं 'डायरेक्ट लोन'. खासगी बँकेचं कर्ज अजिबात नाही.

मेख आहे ती हप्त्यात. ३० हजार डॉलर कर्ज आणि ८० हजार पगार धरू, मुलगी अविवाहित, व्याज साडेपाच टक्के. दहा वर्षांच्या साध्या परतफेडीत हप्ता येतो सुमारे ३२६ डॉलर. पगाराच्या हिशोबाने काढलेला हप्ता, जुन्या आयबीआर (उत्पन्नावर आधारित परतफेड) योजनेच्या दहा टक्क्यांच्या सूत्राने असो की १ जुलै २०२६ पासूनच्या 'रॅप' योजनेने, ४७० च्या आसपास जातो. आयबीआरमध्ये तो ३२६ वर अडवला जातो, म्हणजे १२० व्या हप्त्याला कर्ज आपोआप फिटलेलं असतं. रॅपमध्ये तर साडेसहा वर्षांच्या आतच फिटतं. माफ व्हायला उरलं काय? शून्य. १ जुलै २०२६ नंतर नवं फेडरल कर्ज घेणाऱ्यांना पगारानुसार हप्ता हवा असेल तर रॅप हाच पर्याय आहे, हेही धरून चाला.

आणि ३० हजार हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पदवीसाठी स्वतःच्या नावावर मिळणाऱ्या फेडरल कर्जाची एकूण मर्यादाच ३१ हजार डॉलर आहे. बीएसएन या नर्सिंगच्या पदवीचा बाकी खर्च जातो खासगी कर्जात, नाहीतर 'पॅरेंट प्लस'मध्ये. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांनी हे नीट समजून घ्यावं: पॅरेंट प्लस हे बाबांचं किंवा आईचं कर्ज. मुलगी सरकारी इस्पितळात कितीही वर्षं राबली तरी त्या कर्जावर तिच्या नोकरीने काही माफ होत नाही. तिथे पालकाची नोकरी बघतात.

नर्स कोरचा हिशोब वेगळा. आरोग्य खात्याच्या एचआरएसए या विभागाची ही योजना. नर्सांची तीव्र टंचाई असलेल्या, मान्यताप्राप्त केंद्रात दोन वर्षं पूर्णवेळ काम केलं की नर्सिंगच्या शिक्षणाच्या शिल्लक कर्जाच्या ६० टक्के रक्कम मिळते. तिसरं वर्ष मंजूर झालं तर मूळ रकमेच्या आणखी २५ टक्के. खासगी कर्जही चालतं, पॅरेंट प्लस इथेही नाही. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, आणि पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला किमान ३२ तास.

पण हा हक्क नव्हे, स्पर्धा आहे. वर्षातून एकदा अर्ज निघतात आणि ज्यांचं कर्ज वर्षाच्या पगाराइतकं किंवा जास्त, त्यांना प्राधान्य. ३० हजारवाल्या मुलीचा नंबर लागणं अवघडच. शिवाय मिळालेल्या पैशांवर कर कापला जातो, आणि मुदतीआधी सोडलं तर रक्कम व्याजासकट परत. पीएसएलएफमध्ये असा दंड नाही.

खरी तुलना करायची ती जड कर्जाच्या बाबतीत. समजा, दुसऱ्या विषयातल्या पदवीनंतर थेट एमएसएन (नर्सिंगमधली मास्टर्स) करून कोणी आरएन झाली. फेडरल कर्ज ९० हजार, व्याज सहा टक्के, पगार तोच ८० हजार. साधा हप्ता हजाराच्या घरात, पगारानुसार तोच ४७० च्या आसपास. पगार तेवढाच राहिला असं धरलं तर दहा वर्षांत ती साधारण ५६ हजार भरेल आणि ८० हजारांहून जास्त रक्कम करमुक्त माफ होईल. पगार वाढेल तसा हप्ताही वाढेल आणि माफी आटेल, तरी आकडा मोठाच. नर्स कोरमध्ये तिला दोन वर्षांत ५४ हजार आणि तिसऱ्या वर्षी साडेबावीस हजार, पण यातून कर वजा होईल. म्हणजे तीन वर्षांत बरंचसं ओझं उतरतं. बदल्यात ती तीन वर्षं मान्यताप्राप्त केंद्रातच काम करावं लागतं.

अशा मुलीला मी सांगेन: टंचाईच्या यादीतलं असं केंद्र बघ जे सरकारी किंवा नॉन-प्रॉफिटही आहे. पीएसएलएफचे हप्ते पहिल्या दिवसापासून मोजले जाऊ देत, आणि नर्स कोरला अर्ज करत राहा. लागला तर उत्तम. मात्र मुलाखतीत प्रिसेप्टरबरोबर (शिकवणाऱ्या अनुभवी नर्सबरोबर) किती आठवडे आणि रात्रपाळीला एका नर्सकडे किती रुग्ण, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नकोस. जिथे माणसं कमी, तिथे नवख्या नर्सला शिकवायलाही कोणाला सवड नसते, आणि पैसे परत करायच्या धास्तीने तिथेच अडकून पडणं वाईट.

तिसरा, कमी चर्चेतला पर्याय म्हणजे माजी सैनिकांची व्हीए इस्पितळं. त्यांच्या ईडीआरपी या कर्जफेड योजनेत वर्षाला ४० हजारांपर्यंत, पाच वर्षांत कमाल दोन लाख डॉलर मिळू शकतात. आधी हप्ता तुम्ही भरायचा, मग व्हीए तो परत करतं. योजना प्रत्येक जागेला नसते. जाहिरातीत ईडीआरपीचा उल्लेख आहे का ते बघायचं, नसेल तर अर्ज करण्याआधी विचारायचं. व्हीए सरकारी असल्याने पीएसएलएफची मोजणीही सोबत चालते. हलकं कर्ज असलेल्यांना मला हाच पर्याय सगळ्यात बरा वाटतो.

बाकीचं थोडक्यात. पर्किन्स या जुन्या फेडरल कर्जावर नर्सांना पाच वर्षांत पूर्ण माफी होती, पण ते कर्ज देणं २०१७ मध्येच बंद झालं. एनएचएससी (नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोर) या सरकारी कार्यक्रमाची मुख्य योजना नर्सांपैकी नर्स प्रॅक्टिशनर, मिडवाइफ अशांसाठी. आरएनना त्यांच्या व्यसनमुक्ती विभागात वाव आहे. अनेक इस्पितळं स्वतःच कर्जाला हातभार लावतात. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची अशी मदत करमुक्त असते. नफ्यासाठी चालणाऱ्या इस्पितळात ही मदत आणि चांगला पगार मिळत असेल, तर ३० हजारवालीने तिथे खुशाल जावं.

महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंग करून अमेरिकेत गेलेल्यांसाठी मात्र पीएसएलएफही नाही आणि नर्स कोरही नाही. पीएसएलएफला अमेरिकी फेडरल कर्ज लागतं आणि नर्स कोरला शिक्षण अमेरिकेतल्या नर्सिंग स्कूलमधलं. इथल्या बँकेचं कर्ज पगारातूनच फेडायचं.

नोकरी पक्की करण्याआधी एक काम. इस्पितळाच्या पाटीवर जाऊ नका, डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक करदाखला) कोण देणार ते विचारा. एचसीएसारखी साखळी नफ्यासाठी आहे, तिथे पीएसएलएफ नाही. इस्पितळ नॉन-प्रॉफिट पण पगार खासगी एजन्सीकडून, तरीही नाही. ट्रॅव्हल नर्स (एजन्सीमार्फत ठिकठिकाणी तात्पुरतं काम करणाऱ्या) इथेच फसतात. डब्ल्यू-२ च्या 'बी' चौकटीतला ईआयएन (संस्थेचा कर-ओळख क्रमांक) स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी साइटवर टाकला की संस्था पात्र आहे की नाही ते लगेच कळतं. फुकट. त्यासाठी फी मागणारा फोन आला तर ठेवून द्या.