जुनी ऑक्टाव्हिया आरएस: लोखंड टिकलंय, रबर तपासा

स्कोडाने २००४ मध्ये भारतात आणलेली ऑक्टाव्हिया आरएस आता प्रोजेक्टवाल्यांची, म्हणजे जुनी गाडी घेऊन हौसेने उभी करणाऱ्यांची, गाडी झाली आहे. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्यात जोडलेली, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, सिलेंडरमागे पाच व्हॉल्व्ह, १५० हॉर्सपॉवर, २१० न्यूटन मीटर टॉर्क आणि पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स. युरोपात हेच इंजिन आरएसमध्ये १८० हॉर्सपॉवर देत होतं. ते तीस इथेही काढता येतील, या आशेनेच लोक ही गाडी शोधत फिरतात.

इंजिनाबद्दलचा निवाडा आधीच देतो. ब्लॉक, क्रँक, गिअरबॉक्स हे सगळं दणकट आहे आणि नीट ऑइल मिळालं तर दोन लाख किलोमीटरनंतरही कुरकुर करत नाही. मरतं ते सभोवतालचं रबर आणि प्लॅस्टिक. त्याहून जास्त गाड्या मारल्यात आधीच्या मालकांच्या हौसेने. त्यामुळे मोठा इंटरकूलर, बोंबलणारा सायलेन्सर आणि ‘रीमॅप केलेली आहे’ (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली) असं अभिमानाने सांगितलेली गाडी शेवटी बघा. आधी कंटाळवाणी, कंपनी-फिट, बिलांची फाइल असलेली गाडी शोधा, मग तिचा रंग उडालेला का असेना.

बघायला जाताना मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की इंजिन थंड हवं. गरम करून ठेवलेली गाडी निम्म्या गोष्टी लपवते. थंड स्टार्टला हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखडाट आला, तर दोन कॅमशाफ्टमधल्या छोट्या चेनचा टेन्शनर थकलाय. निळा धूर थोडा वेळ येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील. बराच वेळ आयडलवर ठेवून मग रेस केल्यावर निळा ढग निघाला तर टर्बोवर संशय घ्या. डिपस्टिकपेक्षा ऑइलचं झाकण काढून आत बघा: काळा, डांबरासारखा थर म्हणजे स्वस्त ऑइल वर्षानुवर्षं. असा गाळ संपमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) पिकअपची जाळी बुजवतो, दाब पडतो आणि टर्बोचं बेअरिंग सर्वात आधी जातं. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा.

आरसीवर १७८१ सीसी आणि पेट्रोल लिहिलेलं असलं पाहिजे. डिझेल १८९६ सीसीची, साधं पेट्रोल १९८४ सीसीचं. आरएसचा बिल्ला आणि बंपर कुठेही मिळतात, त्यामुळे इंजिन कोड डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यातल्या कागदी स्टिकरशी ताडून बघा.

लॅपटॉप आणि व्हीसीडीएसची (फोक्सवॅगन गटाच्या गाड्या तपासायचं सॉफ्टवेअर) केबल नसेल तर ही गाडी घेऊच नका. गॅरेजमधलं सर्वसाधारण स्कॅनर एरर कोड दाखवतं, खरी माहिती मेझरिंग ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या थेट आकड्यांमध्ये, असते. ब्लॉक ०३२ मध्ये कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय ते दिसतं: पहिला आकडा आयडलचा, दुसरा चालत्या लोडचा. आयडलचा आकडा खूप प्लसमध्ये आणि दुसरा ठीक असेल, तर कुठेतरी बिनमोजलेली हवा आत शिरतेय. फक्त दुसराच आकडा १० टक्क्यांच्या वर गेला तर एअर मास सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) कमी मोजतोय किंवा इंधन पंपाचा दाब पुरत नाही. ब्लॉक ११५ मध्ये मागितलेला आणि मिळालेला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) शेजारी शेजारी येतो. तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमपासून पूर्ण पाय दाबून लॉग घ्या. एअर मासचा आकडा ग्रॅम प्रति सेकंदात येतो, त्याला ०.८ ने भागलं की ढोबळ हॉर्सपॉवर मिळते, म्हणजे धडधाकट गाडीत १२० च्या आसपास दिसायला हवं. ८५-९० दिसलं तर ‘पिकअप एकदम झकास’ या वाक्याला अर्थ नाही.

बिनमोजलेल्या हवेचा माग बहुतेक वेळा एकाच ठिकाणी लागतो: इनटेक मॅनिफोल्डखालचा क्रँककेस ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या पाइपांचा) गुंता. तिथले पाइप ऑइलच्या वाफेने मऊ पडतात, मग आतल्या आत चपटे होतात किंवा वाकणावर फाटतात. हात पोचत नाही म्हणून मेकॅनिक सेन्सर बदलत बसतो आणि बिल वाढत जातं. स्मोक टेस्ट करून घ्या, अर्ध्या तासात धूर नेमका कुठून येतो ते दिसतं. पूर्ण संच एकदाच बदला, सोबत ब्रेक बूस्टरच्या लाइनमधला नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही. डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पाय काढल्यावर जादा बूस्ट सोडणारा) तपासायला पैसे लागत नाहीत: काढून आतला पिस्टन बोटाने दाबा, वरच्या बारीक नळीवर अंगठा ठेवा, बोट काढा. पिस्टन हळूहळू खाली आला तर पडदा फाटलाय. नवा घेताना शेवटी ७१० एन नंबर असलेला घ्या.

कॉम्प्रेशन टेस्टला नाही म्हणणारा मालक बरंच काही सांगून जातो. इंजिन गरम, कॉइल आणि इंधन पंपाचा फ्यूज काढलेला, थ्रॉटल पूर्ण उघडा. चार सिलेंडरमधला फरक ३ बारच्या आत हवा, आणि कोणताही आकडा ७ बारपर्यंत आला असेल तर इंजिन उघडण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

आता घरी आणल्यावरचं पहिलं काम, ज्यात कंजुषी चालत नाही: टायमिंग बेल्ट. मालक ‘मागच्याच वर्षी केला’ म्हणाला तरी बिल नसेल तर केलेलाच नाही असं धरा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनला आपटतात, आणि इथे ते वीस आहेत. बेल्टसोबत टेन्शनर, त्याचा हायड्रॉलिक डॅम्पर, आयडलर, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट एकाच वेळी बदला. मूळ पंपाचा पंखा प्लॅस्टिकचा होता, तो शाफ्टवर सैल होतो. धातूचा पंखा असलेला घ्या. इंजिन माउंटचे बोल्ट ताणले जाणारे आहेत, एकदाच वापरायचे. जुनेच परत लावणारा मेकॅनिक बदला. कूलंट गुलाबी जी-१२ प्रकारचं. हिरव्यात मिसळलं की तपकिरी चिखल होतो आणि हीटरची जाळी बुजते. टाकीत तो रंग दिसला तर सिस्टिम साफ होईपर्यंत फ्लश करा.

बाकी यादी पटापट: चारही कॉइल नव्या, प्लगचा गॅप ०.८ मिलिमीटर, टॉर्क ३० न्यूटन मीटर. ऑइल ५डब्ल्यू-४०, फोक्सवॅगन ५०२.०० मान्यतेचं, साडेचार लिटर, दर ७,५०० किलोमीटरला. कूलंट टेंपरेचर सेन्सर स्वस्त आहे, विचार न करता बदला. तो खोटं बोलला की गाडी पेट्रोल पिते.

क्लचची परीक्षा पाचव्या गिअरमध्ये २००० आरपीएमवर पूर्ण पाय दाबून. आरपीएम पळाला आणि वेग नाही वाढला, तर क्लच गेला. ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचमागचं धक्के शोषणारं दुहेरी चाक) आयडलला खडखडत असेल आणि क्लच दाबल्यावर आवाज बदलत असेल, तर दोन्ही एकदमच बदलावे लागतील. हा एकटा खर्च सौदा मोडू शकतो.

सुट्या भागांबाबत एक दिलासा आहे. गाडी गोल्फ मार्क ४ आणि पहिल्या ऑडी ए३ च्या प्लॅटफॉर्मवरची, शिवाय आपल्याकडे डिझेल ऑक्टाव्हिया भरपूर विकल्या गेल्या. म्हणून लोअर आर्म, बॉल जॉइंट, स्ट्रट माउंट, काचेचे रेग्युलेटर, दाराची कुलपं सहज मिळतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तर अख्खे दरवाजे. लोअर आर्मचा मागचा मोठा बुश ऑडी टीटीचा भरीव रबराचा बसवा, ब्रेक मारताना स्टिअरिंग भटकणं थांबतं. आरएसचे बंपर आणि सीट मात्र मिळवणं अवघड, तेव्हा त्यांना किंमत द्या. सनरूफचे ड्रेन बुजले की पाणी कार्पेटखाली साचतं; पावसाळ्यात गाडी बघायला गेलात तर कार्पेट दाबून बघा.

कागदपत्रं कंटाळवाणी, पण इथेच बरेच प्रोजेक्ट अडकतात. १५ वर्षांनंतर रीपासिंग, ते पाच वर्षांचं. २० वर्षांवरच्या मोटारीला नुसतं नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये, त्यावर महाराष्ट्रात पर्यावरण कर, शिवाय एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाट्या. दिल्लीहून आलेली गाडी स्वस्त दिसते कारण तिथे १५ वर्षांवरच्या जुन्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत. अशी गाडी घेताना फॉर्म २८ ची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५.

रीमॅप सगळ्यात शेवटी. के०३ टर्बो स्टॉकला साधारण अर्धा बार बूस्ट देतो. चांगल्या ट्यूनरच्या हातात तो १८० हॉर्सपॉवरच्या पुढे नेतो, पण फक्त ०३२ आणि ११५ चे आकडे शुद्ध असतील तर. गळक्या पाइपवर मॅप टाकला की टर्बो तोच आकडा गाठायला जास्त वेगाने फिरतो आणि लवकर मरतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांना आडवं येतं, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी उघडा पडतो. पेट्रोल ९५ ऑक्टेनचं भरा. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) येतंय आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही, तेव्हा टाकीपासून रेलपर्यंतचे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे लावून घ्या.